लाडवांच्या डब्यातून सिंगापूर

मित्रांनो, मी एक जुनी व्हेप, म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट आहे. जुनी म्हणजे अवघ्या अडीच वर्षांची, पण आमच्या कुळात एवढं वय झालं की पिकलं पान म्हणतात. दिसायला मी जाड पेनासारखी, रंगाने निळी. किल्ल्यांसोबत एकाच खिशात राहिल्यामुळे डाव्या अंगाला एक लांब ओरखडा आहे. माझ्या पोटात पुदिन्याच्या वासाचा रस असतो. बटण दाबलं की तो तापतो, त्याची वाफ होते आणि माणूस ती छातीत ओढून घेतो. त्या रसात निकोटीन असतं, तंबाखूत असतं तेच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

सध्या माझा मुक्काम सिंगापूरच्या विमानतळावर आहे. एका पारदर्शक पिशवीत मला ठेवलं आहे आणि पिशवीवर चिठ्ठी लावली आहे. लवकरच मला मोडून टाकतील म्हणे. मोडतात कसं, हातोडीने की यंत्राने, हे बघायची मला फार उत्सुकता आहे. काय करणार, स्वभावच चौकस!

माझा जन्म चीनमधल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. आई कोण, बाप कोण, ते विचारू नका. एका पट्ट्यावरून मी सरकत आले, कुणी बॅटरी घातली, कुणी टोपण बसवलं आणि नीट डोळे उघडायच्या आत खोक्यात बंद झाले. पुढे दुबईच्या एका दुकानात काचेमागे उभी होते. तिथून मला रामकिशनने उचललं. तो बिलोलीचा, दुबईत एका गोदामात नोकरीला. गावी येताना त्याने कॉलेजातल्या मित्राला भेट म्हणून मला मोज्यात गुंडाळून आणलं. आपल्या देशात माझ्यासारख्यांना आणायला आणि विकायला कायद्याने बंदी आहे, हे मला त्या मोज्यात कळलं. बंदी कोण घालतं, कशासाठी घालतं, याचा मी प्रवासभर विचार करत होते. मोजा धुतलेला नव्हता, त्यामुळे विचार फार लांब गेला नाही.

तो मित्र म्हणजे भागवत. मूळचा मुखेडचा, पण लातूरला एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचा. डॉक्टर व्हायचं स्वप्न घेऊन गावोगावची मुलं लातूरला येतात, खोल्या करून राहतात आणि सकाळपासून क्लासला बसतात. अशा दोनशे मुलांसमोर भागवतसर उभे राहायचे आणि मी त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात. खिशातल्या खिशात मी पेशी शिकले, हृदयाचे कप्पे शिकले. फुफ्फुसांचा धडा तर तीन वेळा ऐकला. गंमत अशी, की तो धडा संपला की सर जिना चढून गच्चीवर जायचे, पाण्याच्या टाकीमागे उभे राहायचे आणि मला बाहेर काढायचे. शिकवलेलं माणूस एवढ्या लवकर विसरतो कसं, याचं मला नवल वाटायचं.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. सिगारेट सोडायला म्हणून त्याने मला जवळ केलं होतं. सिगारेट सुटलीही, खोटं कशाला बोलू? पण तिच्या जागी मी बसले आणि उठायचं नाव घेईना. दिवसातून चारदा गच्चीवर जाणारा माणूस तासातासाला जाऊ लागला. कपाटात मला मऊ फडक्यात ठेवायचा, मित्रांना कौतुकाने दाखवायचा. मीही फुगून गेले होते. मग हळूहळू कौतुक आटलं. मला ओढायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. मी जवळ नसले की मात्र सगळ्यांवर खेकसायचा. दोनदा त्याने मला पेटीत टाकून कुलूप लावलं आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं.

एकदा वर्गात वर्षाराणी नावाच्या मुलीने हात वर केला. "सर, त्या नव्या पेनमधी नुसती वाफ राहती ना? मंग त्यानं काय व्हतंय?"

मी कान टवकारले. सर एकदम सरांसारखं बोलले. "वाफ दिसते, पण तिच्यात निकोटीन असतं. रस नुसता पोटात गेला तरी विष. आणि गरोदर बाईच्या शरीरात गेलं, तर रक्तातून थेट बाळापर्यंत जातं. लिहून घ्या." दोनशे मुलांनी लिहून घेतलं. त्यानंतर पाचच मिनिटांनी आम्ही टाकीमागे होतो.

आता मुख्य गोष्ट ऐका. भागवतची मोठी बहीण पुनम नवऱ्यासोबत सिंगापूरला राहते. तिचं पहिलं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, अशी आपल्याकडची रीत. पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली होती. तेव्हा या दोघांची आई, केवळाबाई, हिने मुखेडला बसून जाहीर केलं, "ती येत न्हाई तर माहेरच तिकडं चाललं." केवळाबाई उभ्या आयुष्यात हैदराबादच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. त्यांना पोचवायला भागवतने दहा दिवसांची रजा काढली.

सिंगापूरचा कायदा त्याने मोबाईलवर वाचला, तेव्हा एका हातात मोबाईल होता आणि दुसऱ्या हातात मी. तिथे व्हेप आणणं, ओढणं, नुसती जवळ बाळगणंही गुन्हा. तोंडात धरायची तंबाखूही आणू देत नाहीत. सापडलं तर दंड, कधी त्याहून कडक शिक्षा. त्याने दोनदा वाचलं. मला वाटलं, झालं, आता आपण घरीच राहणार. पण तो माझ्याकडे बघत म्हणाला, "दहा दिवस कसे निघतेल?" त्या आवाजाची मला कीव आली, आणि थोडा गर्वही झाला. गर्व झाला याची आता लाज वाटते.

मुखेडच्या घरात डिंकाचे लाडू चालले होते. केवळाबाई डिंक तळत होत्या, शेजारच्या शरणम्मा खारीक-खोबरं कुटत होत्या. भागवतने आधी आईची झडती घेतली. केवळाबाईंना मिसरी लावायची सवय होती. भाजलेल्या तंबाखूची ती काळी भुकटी दाताला घासल्याशिवाय त्यांची सकाळ व्हायची नाही. भागवतने कोनाड्यातली डबी घेतली आणि मोरीत रिकामी केली.

"तिकडं चालत न्हाई, माय. पकडतेत."

"आरं, दाढ ठणकली तर काय करू मी?"

"सोडून द्यायची. या वयात कसली सवय?" तो म्हणाला. मी त्याच्या खिशात होते, आणि गरम होते. नुकतीच वापरून आत ठेवली होती.

लाडू वळून झाले, तेव्हा भागवत म्हणाला, "डबा मी भरतो." केवळाबाईंना कोण आनंद! त्या हात पुसत शरणम्मांना म्हणाल्या, "बगा की, मास्तर हाय पन बहिनीसाठी लाडू भरून राहिला." शरणम्मा हसल्या आणि दोघी चहा ठेवायला आत गेल्या. तेवढ्यात त्याने मला प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळलं, स्टीलच्या डब्याच्या तळाशी ठेवलं आणि माझ्यावर लाडू रचले. डबा आईच्या हातातल्या पिशवीत गेला. डोक्यावर पदर घेतलेल्या म्हातारीचा लाडवांचा डबा कोण उपसणार, असा त्याचा हिशेब होता.

मला राग आला का? खरं सांगू, तेव्हा नाही आला. सिंगापूर बघायला मिळणार या विचाराने मी हरखले होते. डब्यात अंधार, वरून तुपाचा आणि सुंठीचा वास. आता मला फक्त ऐकू येत होतं.

मुखेडहून देगलूरमार्गे हैदराबादला नेणारी गाडी जिलानी यांची होती. आखाती देशांत जाणारी माणसं विमानतळावर सोडण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. केवळाबाईंनी त्यांना विचारलं, "जिलानीभाऊ, तिकडं लई कडक राहतंय का हो?"

"कडक हाय, मावशी, पन डरू नका. पन्नास लोकायला सोडलं मी. एकच गोष्ट ध्यानात ठिवा. सामानात काय हाय ते इचारायच्या आधी सांगून टाकायचं. सांगनाऱ्याला सोडतेत. लपवनाऱ्याला न्हाई सोडत."

"आस्सं," केवळाबाई म्हणाल्या. भागवतने गाणी लावायला सांगितलं.

हैदराबादला तपासणीत डबा उघडला. लाडवांच्या फटींतून उजेड आला, कुणीतरी डोकावलं, आणि केवळाबाई म्हणाल्या, "घ्या, एक घ्या, पोरीच्या बाळंतपनाचे हायेत." त्या माणसाला मराठी कळली की नाही कोण जाणे, पण तो हसला आणि झाकण लावलं. माझा मालक बाजूला उभा राहून घाम पुसत असणार, हे मला न बघताही कळलं.

मग विमान उडालं. आणि मित्रांनो, इथे माझ्या हातून ते घडलं. उंचावर गेलं की हवेचा दाब बदलतो. माझ्या पोटात आधी गुडगुड झाली, मग टोपणाच्या फटीतून रस बाहेर यायला लागला. मी तो रोखायचा प्रयत्न केला, पण मला काय हात आहेत? प्लास्टिकची पिशवी एका कोपऱ्यात फाटलेली होती. थेंब थेंब करत रस तळाच्या लाडवांत मुरत गेला. वर्गात लिहून घेतलेलं सगळं मला आठवलं. हे लाडू गरोदर पुनम खाणार होती. उतरल्या उतरल्या, आईने दारात हातावर ठेवलेला लाडू कुणी नाही म्हणतं का? मी त्या डब्यात अक्षरशः ओरडत होते. पण वस्तूंचं ओरडणं माणसांपर्यंत पोचत नाही. सिंगापूर बघायची माझी हौस त्या वेळी पार जिरली. हा डबा कुठेतरी हरवावा, एवढंच वाटत होतं.

सिंगापूरला उतरलो तेव्हा भर दुपार होती. चाकांच्या बॅगांचा खडखडाट, कितीतरी भाषा, थंडगार हवा. चालता चालता केवळाबाई थांबल्या.

"भागवत, ही लाल पाटी कशाची रं?"

"ज्याच्याकडं दाखवायसारखं काई हाय, त्यानं तिकडून जायचं. आपल्याकडं काई न्हाई. चल इकडून, हिरव्या पाटीकडून."

"माझ्याकडं हाय."

"काय हाय?"

"मिसरीची पुडी. कंबरंला. तू डबी सांडलीस, पन पुडी फडताळात व्हती. घेतली म्या दाढंसाठी."

"गप चल, माय. एवढ्याशा पुडीला कोन बघतंय?"

"जिलानीभाऊ काय म्हनले? सांगून टाका. मला हे जमत न्हाई बाबा. नातवाचं तोंड बघायला आले मी. चोरावानी कामून जाऊ?"

भागवतने त्यांचा हात धरला असावा, कारण पिशवीला हिसका बसला. पण केवळाबाई निघाल्या होत्या. लाल पाटीखाली गणवेशातली एक बाई उभी होती, ती मला नंतर दिसली. केवळाबाईंनी कमरेची पुडी सोडून तिच्यासमोर ठेवली, हे कागदाच्या सळसळीवरून कळलं. बाईने जोरात वास घेतला आणि इंग्रजीत म्हणाली, "स्वतःहून आलात, चांगलं केलंत. बाकीची पिशवीही बघावी लागेल."

डबा उघडला. एकेक लाडू बाजूला झाला, फाटकी पिशवी सुटली आणि दोन बोटांनी मला वर काढलं. तुपाने माखलेली, अंगाला खोबऱ्याचा कीस चिकटलेला. सिंगापूर मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. छत खूप उंच होतं.

"त्यांना विचारा, हे कुणाचं आहे?" बाई भागवतला म्हणाली. आईला इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा दुभाष्याचं काम त्याच्याकडेच आलं.

"माय," तो कसाबसा म्हणाला, "त्या इचारून राहिल्या, हे कोनाचं हाय."

केवळाबाईंनी माझ्याकडे बघितलं. असलं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मग त्यांनी लेकाच्या तोंडाकडे बघितलं. मी काय आहे ते त्यांना कळलं नाही. कुणाची आहे, ते मात्र लगेच कळलं.

"माझंच हाय म्हन."

त्याने नजर माझ्याकडे वळवली.

"म्हन की. म्हातारीला कोन काय करतंय? तुझी नोकरी हाय, पोरायला शिकवतोस तू."

आणि तो बोलला. इंग्रजीत म्हणाला, "त्या म्हणतात, त्यांचं आहे." शब्दाला शब्द बरोबर होतं. आई तेच म्हणाली होती. इतकं चोख भाषांतर आणि इतकं मोठं खोटं मी कधी ऐकलं नव्हतं. दोन वर्षं ज्याच्या खिशात काढली, त्या माणसाची मला त्या क्षणी शिसारी आली.

गणवेशातल्या बाईने दोघांकडे नीट पाहिलं. थोडा विचार केला. म्हातारी स्वतःहून लाल पाटीकडे आली आहे, दोन्ही वस्तू इथे जमा करा, कागदावर अंगठा द्या आणि जा, असं तिने सांगितलं. लाडू परत डब्यात भरले, झाकण लावलं आणि डबा केवळाबाईंच्या हातात दिला.

झालं होतं, मित्रांनो. सुटला होता तो. दंड नाही, चौकशी नाही, नाव नाही. बाहेर जावई वाट बघत होते. पण पिशवी उचलताना डबा कलला आणि झाकणाच्या कडेने एक ओघळ आला. भागवतच्या बोटाला लागला. त्याने बोट नाकाशी नेलं. पुदिना! माझाच रस.

"माय, लाडू ठिव इथंच. नेऊ देत न्हाईत म्हनतेत."

"आत्ताच तर त्या बाईनं दिला डबा!"

"न्हाई, न्हाई चालत. खायचं चालत न्हाई."

केवळाबाई त्या बाईकडे वळल्या आणि डबा पुढे केला. बाईने हसून हाताने खूण केली, घेऊन जा. केवळाबाईंना वाटलं, तिला अजून शंका असेल. त्यांनी झाकण काढून एक लाडू उचलला. "काई वंगाळ न्हाई ह्यात, बाई. गावरान तुपातले हायेत. बघ, मी खाऊन दावते."

लाडू ओठाशी गेला आणि भागवतने त्यांचं मनगट पकडलं. लाडू फरशीवर पडून फुटला.

"नको खाऊ, माय!"

"आरं, असं काय करतूस?"

"त्यात सांडलंय ते. तंबाखूचा अर्क हाय त्यात. इख हाय." त्याने डब्यावर झाकण दाबलं. "ते माझं हाय, माय. मीच ठिवलं तुझ्या डब्यात. म्हातारीला कोन तपासतंय, म्हून ठिवलं."

आजूबाजूची माणसं बघायला लागली होती. केवळाबाई फुटलेल्या लाडवाकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही, लेकाकडेही नाही.

"पुनमनी खाल्लं असतं तर?" त्यांनी विचारलं.

वर्गात वर्षाराणीला ज्याने एका दमात उत्तर दिलं होतं, तो इथे मान खाली घालून रडायला लागला. मग डोळे पुसून बाईकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "ते माझं आहे. मघाशी मी खोटं बोललो." इंग्रजीत ते दोन वाक्यांत झालं. आईला सांगताना मात्र त्याचा जीव अर्धा झाला होता.

बाईचा चेहरा बदलला. तिने वरिष्ठांना बोलावलं. आईने जायला हरकत नाही, मुलाला मात्र आतल्या खोलीत यावं लागेल, असं ठरलं. केवळाबाईंनी डबा उचलला, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पेटीपाशी गेल्या आणि लाडू एकेक करून स्वतःच्या हाताने टाकले. फरशीवर पडलेलाही पदराच्या टोकाने गोळा करून टाकला. तेवढ्यात भागवतचा फोन वाजला. पुनमचा होता. उशीर का झाला म्हणून ती काळजीत असणार. भागवतने फोन आईपुढे धरला.

"मी न्हाई सांगनार," केवळाबाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडानं सांग तिला. मी हितं उभी हाय तवर सांग."

"अक्का," तो म्हणाला, "आम्ही पोचलो. माय येऊन राहिली बाहेर. लाडू न्हाईत. कामून न्हाईत, ते सांगतो. आधी ऐकून घे..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मला पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड बंद केलं. त्याला दंड झाला, पुन्हा असं काही सापडलं तर या देशात पाऊल ठेवू देणार नाही अशी तंबी मिळाली आणि संध्याकाळी सोडून दिलं, एवढं चिठ्ठी लावणाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं.

मित्रांनो, शाळेतल्या निबंधांत आपली कहाणी सांगणाऱ्या छत्र्या आणि सायकली शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मला तसं म्हणता येत नाही. मला जिवापाड जपलं, म्हणून तर त्या माणसाने आईच्या डब्याचा आडोसा केला. तुमच्या कुणाच्या दप्तरात, खिशात माझी एखादी बहीण असेल, तर आज घरी सांगा. ओरडा बसेल, बसू द्या. एकट्याने लपवत बसलात, तर ती एक दिवस भलत्याच माणसाच्या ताटात जाऊन सांडेल.

पुनमला मुलगा झाला की मुलगी, बाळाचं नाक कुणावर गेलं, केवळाबाईंनी त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा काय म्हणाल्या, हे जाणून घ्यायला माझा जीव तुटतो. पण ज्या घरात बाळ आहे, त्या घरात मी कधीच पोचू नये, माझ्या बहिणींनाही पोचू देऊ नका. एवढं माझ्यासाठी कराल ना?